नसलेल्या पबाची आठवण

कांहीं लेख असे असतात कीं, ते शिकवितांना शिक्षकाला थोडी लबाडी केल्यावांचून गत्यंतर नसतें. जॉर्ज ऑर्वेल ह्याचा 'द मून अंडर वॉटर' हा निबंध त्यांतलाच. ता. ९ फेब्रुवारी १९४६ रोजीं 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' ह्या लंडनच्या सायंदैनिकांत तो प्रथम छापला गेला. मजकूर जेमतेम तीन-चार पृष्ठांचा. विषय काय, तर लेखकाच्या आवडत्या पबाचें वर्णन. गेलीं पंचवीस वर्षें मी तो पदवीच्या वर्गास वाचून दाखवीत आलों आहें, आणि दर वर्षीं शेवटचे परिच्छेद येण्यापूर्वीं पुस्तक मिटून विचारतों, "काय, जावेंसें वाटतें कीं नाहीं अशा ठिकाणीं?" ज्यांनीं दारूचा थेंबहि पाहिलेला नाहीं व ज्यांच्या घरीं अंड्याचें नांव काढण्याची सोय नाहीं, असे विद्यार्थीहि माना डोलवितात. मग मी पुस्तक उघडतों व राहिलेला भाग वाचतों. त्यांत लेखक अगदीं शांतपणें सांगतो कीं, असा पब कोठेंच नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "सर, मग ही थापच झाली, नाहीं का? आणि थाप असेल तर तिला आपण चांगलें वाङ्मय कां म्हणायचें?" तेवढ्यांत तास संपला म्हणून मी सुटलों, प्रश्न मात्र सुटला नाहीं. इंग्रजी पब, तेथलें साधें पण भरपूर खाणें, शेकोटीपाशीं चालणाऱ्या गप्पा, ह्या साऱ्यांविषयीं हळहळ व्यक्त करणारें वाङ्मय इंग्रजींत एवढें आहे कीं, त्यांतलें किती खरें व किती थाप हें एकदां तपासून पाहावें असें तेव्हांपासून मनांत होतें.

प्रथम शब्दाविषयीं एक खुलासा. 'गुत्ता' म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जें उभें राहतें तें येथें मुळींच अभिप्रेत नाहीं. 'मद्यालय' हा शब्द संस्कृत प्रहसनांतून उठून आल्यासारखा वाटतो. खाणावळ म्हणावें तर तेथें पेला नाहीं, आणि धर्मशाळा म्हणावें तर तेथें बिल नाहीं. 'पब्लिक हाउस' ह्या दोन शब्दांचा 'पब' हा संक्षेप. घरच, पण सर्वांचें, असा त्याचा मूळ भाव. वस्तुच आपल्याकडे नाहीं, तेव्हां शब्द तरी कोठून असणार? पुण्यामुंबईंत हल्लीं ज्या कानठळ्या बसविणाऱ्या जागांस हें नांव देतात, त्यांचा व ह्याचा नामसाधर्म्यापलीकडे कांहीं संबंध नाहीं. म्हणून मूळ शब्दच ठेवलेला बरा.

ऑर्वेलचा पब बसच्या थांब्यापासून दोन मिनिटांवर, पण आडगल्लींत आहे. त्यामुळें दंगेखोर मद्यपी तेथवर पोंचत नाहींत. गिऱ्हाइकें बहुतेक नेहमींचीं, रोज त्याच खुर्चीवर बसणारीं, आणि पिण्याइतकेंच बोलण्यासाठीं येणारीं. रेडिओ नाहीं, पियानो नाहीं. शेजारच्याचें बोलणें ऐकूं यावें एवढी शांतता आहे. दारू वाढणाऱ्या मध्यम वयाच्या बायका बहुतेकांना नांवानें ओळखतात व प्रत्येकाची आस्थेनें विचारपूस करतात. डोकें दुखलें तर ॲस्पिरिनची गोळी मिळते, पत्रास लावायला टपालाचें तिकीट मिळतें. आंतली सजावट सगळी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतली: नक्षीदार आरसे, बिडाच्या शेगड्या, तंबाखूच्या धुरानें पिवळें पडलेलें छत, आणि भिंतीवर पेंढा भरलेलें बैलाचें डोकें. येथें एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. ह्या सजावटीस ऑर्वेल सुंदर म्हणत नाहीं. ती कुरूप आहे हें तो मोकळेपणें मान्य करतो. ती भक्कम आहे व तिच्या सान्निध्यांत माणूस सैल होऊन बसूं शकतो एवढेंच त्याचें म्हणणें. जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस हें चटकन पटेल. माजघरांतला अंधार कोणाला सुंदर वाटत होता? पण झोंप लागे ती तेथेंच. उलट ज्यास तो खरोखर नावें ठेवतो तीं म्हणजे खोटीं लांकडी तुळवंटें व ओकच्या लांकडाची बतावणी करणाऱ्या फळ्या. जुनें असणें एक, जुन्याचें सोंग आणणें निराळें.

आतां खाण्याकडे वळूं. खालच्या मजल्यावर केव्हांहि गेलें तरी लिव्हर-सॉसेजचीं सँडविचें, शिंपले, चीज, लोणचीं, आणि शहाजिरें घातलेलीं मोठालीं बिस्किटें मिळतात. वरच्या मजल्यावर आठवड्यांतून सहा दिवस दुपारचें जेवण असतें: भाजलेल्या मांसाचा काप, दोन भाज्या, आणि जॅम घातलेला उकडलेला रोल, किंमत सुमारें तीन शिलिंग. जोडीला पिंपांतून काढलेला काळा स्टाउट, आणि तो कथलाच्या पेल्यांत. ह्या यादींत ज्यास पाककौशल्य म्हणावें असें कांहींच नाहीं. फ्रेंच माणूस ती वाचून खांदे उडवील. परंतु वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतें, आणि आमच्या वर्गांतल्या निरामिष मंडळींच्याहि सुटतें, ह्याचें कारण पदार्थांत नसून त्यांच्या भरंवशाच्या असण्यांत आहे. सहा दिवस, ठरल्या वेळीं, ठरल्या दरांत, तेंच.

हा भरंवसा कोणत्या दिवसांत रंगविला गेला तें पाहिलें म्हणजे निबंधाची खरी चव कळते. युद्ध संपून सहा महिने झाले होते, पण रेशनिंग संपलें नव्हतें. मांसावर तें १९४० पासून होतें आणि पुढें १९५४ पर्यंत टिकलें. एका माणसानें आठवड्याला विकत घ्यावयाचें मांस शिलिंग-सव्वा शिलिंगाच्या किंमतीचें. जॅमसुद्धां कूपनावर. उपाहारगृहांत कूपन लागत नसे, पण तेथेंहि एका जेवणाला पांच शिलिंगांहून अधिक घेऊं नये असा निर्बंध १९४२ सालीं घातला गेला होता. ज्या पावावर ऐन युद्धांत हात पडला नव्हता, तोहि निबंध छापून आल्यावर पांच महिन्यांनीं, जुलै १९४६ मध्यें, रेशनवर गेला. त्या संध्याकाळीं वर्तमानपत्र हातीं घेऊन आगगाडीच्या डब्यांत बसलेला लंडनचा कारकून तो जॅमचा रोल कोणत्या भावनेनें वाचीत असेल!

एवढेंच नव्हे. ह्याच वर्तमानपत्रांत त्याच्या आठ आठवडे आधीं, १५ डिसेंबर १९४५ रोजीं, ऑर्वेलनें इंग्रजी स्वयंपाकाची तरफदारी करणारा एक लेख लिहिला होता. त्यांत यॉर्कशायर पुडिंगपासून ट्रीकल टार्टपर्यंत अनेक पदार्थांची त्यानें मनापासून वाखाणणी केली. परंतु शेवटीं कबुली दिली कीं, हें सगळें चांगलें अन्न लोकांच्या घरींच मिळतें, उपाहारगृहांत नव्हे. आणि पबांत तर बहुधा बटाट्याच्या चकत्या व बेचव सँडविचें ह्यांपलीकडे कांहींच मिळत नाहीं. ही साक्ष महत्त्वाची आहे. आज ज्याला परंपरागत पबाचें जेवण म्हणून लोक उसासे टाकतात, तें त्या परंपरेच्या ऐन बहरांत एका जाणत्या गिऱ्हाइकास सांपडत नव्हतें. डिसेंबरांत जें नाहीं म्हणून तक्रार केली, तेंच फेब्रुवारींत कल्पनेनें मांडून दाखविलें. दोन्ही लेख जोडून वाचले म्हणजे दुसरा पहिल्याची उत्तरपूजा आहे हें ध्यानांत येतें.

मग ही जुनी, समृद्ध सराय इंग्रजी वाङ्मयांत आली कोठून? शेक्सपिअरकडे जावें, तर फॉल्स्टाफच्या खिशांत सांपडलेलें बिल पुढें येतें: कोंबडा दोन शिलिंग दोन पेन्स, मद्य पांच शिलिंग आठ पेन्स, जेवणावर पुन्हां मद्य व खारवलेली मासळी दोन शिलिंग सहा पेन्स, आणि पाव अर्ध्या पेनीचा. येथें अन्नाच्या आठवणीपेक्षां थट्टाच मोठी. डॉक्टर जॉन्सनकडे जावें. बॉस्वेलनें १७९१ त प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत मार्च १७७६ मधला एक प्रसंग आहे. ऑक्सफर्डजवळच्या एका सरायींत जेवण झाल्यावर डॉक्टरमहाशय खुशींत येऊन सरायीची थोरवी गाऊं लागतात. त्यांचा युक्तिवाद असा कीं, मित्राच्या घरीं यजमान कितीहि उदार असो, पाहुण्याला संकोच व यजमानाला काळजी असावयाचीच. सरायींत मात्र जितकें अधिक मागावें तितकें स्वागत अधिक, कारण वाढणाऱ्याला बक्षिसाची आशा असते. पाहुणचार हा ज्यांचा धर्म त्या आपल्यासारख्यांस हा विचार प्रथम रुक्ष वाटतो. परंतु आग्रहाच्या जिलब्यांखालीं गुदमरलेल्या कोणत्याहि जांवयास विचारून पाहावें! पैसे देऊन मिळविलेल्या ऊबेंत एक प्रकारचें स्वातंत्र्य आहे, आणि पबाच्या वाङ्मयाचा पाया जॉन्सननें घातला तो ह्या स्वातंत्र्यावर, पदार्थांवर नव्हे.

पदार्थ आणले ते डिकन्सनें, असें आपण समजतों. 'पिक्विक पेपर्स' (१८३६-३७) म्हणतांच घोड्यांच्या टपगाड्या, सरायींची धगधगती शेगडी, थंड मांसाचे थर आणि गरम पंच डोळ्यांपुढें येतें. आमच्या पिढीनें इंग्रजी खाणें प्रथम चाखलें तें ह्याच पुस्तकांत, डोळ्यांनीं. मीहि सोळाव्या वर्षीं पुढ्यांतली भाकरी विसरून ह्या मेजवान्या वाचीत बसें. पण पुन्हां वाचून पाहावें. इप्सविच येथील 'ग्रेट व्हाइट हॉर्स' ह्या खऱ्याखुऱ्या सरायींत पिक्विकसाहेबांस तासभर ताटकळत ठेवून थोडी मासळी व एक स्टेक मिळतो, आणि पोर्ट मद्य निकृष्टांतलें निकृष्ट, दर मात्र चढ्यांतला चढा. शिवाय कथेचा काळ १८२७-२८. ती लिहिली गेली तेव्हां लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी धांवूं लागून पांच-सहा वर्षें झालीं होतीं आणि टपगाड्यांचे दिवस भरत आले होते. म्हणजे पंचविशींतला डिकन्सहि जात्या गोष्टीकडे मान वळवून पाहत होता. प्रत्येक पिढीच्या मतें खरा पब मागल्या पिढीच्या वेळींच होता. असो.

येथवर ही हळहळ निरुपद्रवी आहे. चेस्टरटनच्या 'द फ्लाइंग इन' (१९१४) ह्या कादंबरीपाशीं मात्र थबकावें लागतें. लॉर्ड आयव्हीवुड नांवाचा एक सुधारक सरदार पूर्वेकडून आलेल्या एका प्रचारकाच्या नादीं लागून इंग्लंडांत इस्लामी धर्तीची दारूबंदी आणतो. आणि दोन मित्र रमचें पिंप, चीजचा भला मोठा गोळा व सरायीची पाटी घेऊन, ती पाटी जेथें रोंवावी तेथें सराय उभी करीत, देशभर हिंडतात. कल्पना बहारीची आहे. चेस्टरटनचें विनोदाचें सामर्थ्य, त्याच्या गद्याची धांव, हें सर्व मान्य करूनहि म्हणावें लागतें कीं, ह्या पुस्तकांत पबाची आठवण ही कुंपण होऊन बसते. आंत आम्ही, बाहेर ते. चीजची चव खरी. तिला लावलेला परकीयद्वेषाचा मसाला नासका. आणि इतिहासाची थट्टा पाहा. पुस्तक निघालें त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि पबांच्या दारांवर घड्याळ टांगलें गेलें तें कोणा पैगंबराकडून नव्हे, तर दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार वेळेवर शुद्धींत असावे ह्या चिंतेंत पडलेल्या खुद्द इंग्रज सरकारकडून. दुपारीं पब बंद ठेवण्याचा तो नियम इंग्लंडांत १९८८ पर्यंत चालला.

कुंपणाचा मुद्दा निघाला म्हणून एका निराळ्या ग्रंथाचा उल्लेख करतों. 'मास-ऑब्झर्व्हेशन' ह्या संस्थेनें बोल्टन ह्या गिरणीगांवांतील पबांची पाहणी करून १९४३ त 'द पब अँड द पीपल' हें पुस्तक काढलें. पाहणीकार घड्याळ लावून कोण किती वेळांत पेला रिकामा करतो हेंसुद्धां टिपीत बसले होते! त्या रुक्ष टिपणांतून जें चित्र उभें राहतें तें असें: एकाच छपराखालीं निरनिराळ्या खोल्या, 'व्हॉल्ट' व 'टॅप-रूम' ह्या पुरुषांच्या, तेथें बाईनें पाऊल टाकूं नये, बायकांनीं बसावयाचें तें नटविलेल्या दिवाणखान्यांत, जेथें तीच बिअर थोडी महाग. सर्वांचें घर म्हणतां म्हणतां त्यांतहि ओसरी, माजघर, देवघर होतेंच. ऑर्वेलनें ह्या पुस्तकाचें परीक्षण लिहिलें होतें, आणि लोक एकत्र बसून करावयाची करमणूक सोडून सिनेमा व रेडिओ ह्यांकडे वळत आहेत ह्याबद्दल त्यांत खंत व्यक्त केली होती. तीन वर्षांनीं आपला काल्पनिक पब उभारतांना तो ही पाहणी विसरलेला नाहीं. कारण त्या पबाचें सर्वांत मोठें वैशिष्ट्य म्हणून तो बिअरचें किंवा शेगडीचें नांव घेत नाहीं. मागल्या बाजूच्या बागेचें घेतो. झाडांखालीं मेजें, मुलांना झोपाळा व घसरगुंडी. बाप एकटा पबांत व आई मूल संभाळीत घरीं, ही रीत मोडून सगळें कुटुंब तेथें जाऊं शकतें, म्हणून बाग मोलाची. मुलांना आंत येण्यास कायद्यानें मनाई होती. ह्या पबांत तीं हळूंच शिरतात, आणि ऑर्वेलच्या मतें असला कायदा मोडण्याच्याच लायकीचा. मुलांना, व पर्यायानें बायकांना, बाहेर ठेवल्यामुळेंच पब म्हणजे नुसतें ढोसण्याचें दुकान होऊन बसलें, असें तो बजावतो. चेस्टरटनची सराय आणि ऑर्वेलची सराय ह्यांतलें अंतर येथें मोजतां येतें. एक आठवणीनें दार लावून घेतो. दुसरा आठवणीचें निमित्त करून जें कधींच नव्हतें असें दार उघडतो.

आतां थोडें 'प्लाउमन्स लंच' विषयीं, कारण ह्या प्रकरणांतला सर्वांत बोधक पदार्थ तोच. नांगऱ्याचें जेवण! पावाचा जाड तुकडा, चेडर चीज, व्हिनेगरांतला कांदा, गोडसर चटणी. नांव ऐकतांच बांधावर बसलेला शेतकरी दिसूं लागतो. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां लंडनास गेलों असतां एका जुन्या पबांत मी मोठ्या भाविकपणें तें मागविलें. तें काळ्या दगडी पाटीवर मांडून आलें. सौ.नें आपल्यासाठीं उकडलेला बटाटा मागविला होता, तिनें माझ्या पाटीवरची चटणी बोटानें चाखली व म्हणाली, "अहो, हें तर आपल्याच गोड लोणच्याचें दूरचें नातें दिसतें." नातें खरेंच आहे, इंग्रजांनीं चटणी हा शब्द व पदार्थ दोन्ही आपल्याकडूनच उचलले. पण मुख्य गोष्ट पुढेंच आहे. शेतावर पाव, चीज व बिअर हें खाणें पुरातन असेल. परंतु 'प्लाउमन्स लंच' हें नांव घेऊन तें पबाच्या पाटीवर चढलें तें १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धांत. चीजवरचें रेशनिंग १९५४ सालीं उठलें, चीज खपविणें भाग पडलें, आणि 'चीज ब्यूरो' नांवाच्या व्यापारी प्रचारसंस्थेनें ही थाळी पबांतून पुढें आणली. १९६० च्या दशकांत दूध-विक्री मंडळानें तिचा देशभर डांगोरा पिटला. दोन पिढ्यांत ती वडिलोपार्जित झाली. इअन मॅक्युअन ह्यानें लिहिलेला व रिचर्ड आयर ह्यानें दिग्दर्शित केलेला १९८३ चा 'द प्लाउमन्स लंच' हा बोलपट ह्या थाळीचें नांव घेतो तें ह्याचसाठीं. त्यांतला पत्रकार सुएझ प्रकरणाचा सोयीस्कर इतिहास लिहीत असतो, आणि बनावट भूतकाळाचें प्रतीक म्हणून थाळी पुढें येते.

तरीहि त्या दिवशीं तें जेवण मला आवडलें, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. चीज उत्तम होतें. चव खोटी नव्हती, वंशावळ खोटी होती. आणि येथेंच आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें निम्मेंअधिक उत्तर मिळतें असें मला वाटतें. थाप कोणती? जी आपण कल्पना आहों हें लपविते ती. चीज ब्यूरोनें नांगऱ्याचा बांध रंगविला आणि रंगारी पडद्याआड ठेवला. ऑर्वेल आपला पब आधीं आपल्या पुढ्यांत मांडतो, आणि भूक पुरती चाळवल्यावर हिशेबाची वही काढतो: चांगल्या पबाचे दहा गुण मीं सांगितले, दहाच्या दहा असलेली जागा मला ठाऊक नाहीं, आठ असलेली एक ठाऊक आहे, पण तेथेंहि पिंपांतला स्टाउट नाहीं व चिनी मातीचे पेले नाहींत. फॉल्स्टाफचें बिल दुसऱ्यांनीं त्याच्या खिशांतून काढलें. ऑर्वेल आपलें बिल आपल्याच हातानें वाचकांपुढें ठेवतो. ह्यामुळें मागचें सारें वर्णन खोटें पडत नाहीं. तें वर्णन होतें असें आपण समजत होतों, तें मागणी होतें हें कळतें.

ऑर्वेलला आठवणीची नुसती गोडीच नव्हती, भीतिहि होती, हें त्याचीं इतर पुस्तकें जाणणाऱ्यांस सांगावयास नको. 'कमिंग अप फॉर एअर' (१९३९) मधला जॉर्ज बोलिंग बालपणाच्या गांवीं परत जातो, तर ज्या गुप्त तळ्यांत मासे पकडावयाचें स्वप्न त्यानें उराशीं बाळगलें त्याची कचराकुंडी झालेली असते. आणि 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मधला पबाचा प्रसंग तर ह्या निबंधाची काळी सांवलीच आहे. विन्स्टन स्मिथ एका गरीब वस्तींतल्या पबांत शिरतो. क्रांतीपूर्वींचें आयुष्य बरें होतें कीं वाईट, हें सांगणारें कागदपत्र सर्व नष्ट केलेले. उरला एक म्हातारा. म्हाताऱ्याची तक्रार एवढीच कीं, पूर्वींसारखा पिंट मिळत नाहीं. अर्धा लिटर पुरत नाहीं व लिटर जास्त होतो. विन्स्टन खोदून खोदून विचारतो. म्हाताऱ्याला आठवते ती एकाची उंच टोपी, एक धक्काबुक्की, असल्याच चिंध्या. समीक्षक ह्या प्रसंगाचा अर्थ बहुधा स्मृतीचा पराभव असा लावतात. मला तो पुरता मान्य नाहीं. राज्यसत्तेनें सर्व इतिहास पुसला, पण पेल्याचें माप म्हाताऱ्याच्या जिभेवरून तिला पुसतां आलें नाहीं. त्या साक्षीवरून राज्य उलथणार नाहीं हें खरें. पण ती साक्ष खोटी नव्हे. (ब्रिटनमध्यें आजहि पिंपांतली बिअर पिंटाच्याच मापानें विकली जाते, हें त्या म्हाताऱ्यास कळलें असतें तर त्याला बरें वाटलें असतें.)

राहिला प्रश्न कुंपणाचा, आणि तो आपल्याला जवळचा आहे. १९६० च्या दशकांत बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गांवीं ओतशाळांतून राबणारे पंजाबी कामगार दिवसभराच्या कामानंतर पबांत गेले, तर कांहीं ठिकाणीं त्यांस नकार मिळे, कांहीं ठिकाणीं अमुक खोलींत बसूं नये असें सांगण्यांत येई. 'इंडियन वर्कर्स असोसिएशन' ने ह्याविरुद्ध चळवळ केली. फेब्रुवारी १९६५ मध्यें अमेरिकेंतील काळ्यांचे पुढारी माल्कम एक्स हे मुद्दाम स्मेदिकला येऊन हें पाहून गेले. त्याच वर्षीं संमत झालेल्या वंशसंबंध कायद्यानें अशी बंदी बेकायदा ठरविली. शेगडी, नक्षीदार आरसे, नांवानें हांक मारणारी मध्यमवयीन बाई, सारें त्या पबांतहि असेल. आठवण कोणाची, हा प्रश्न विचारल्याखेरीज 'पूर्वींचें वातावरण' ह्या दोन शब्दांना अर्थ येत नाहीं. जो आंत होता त्याला ऊब आठवते. दारांतून परतला त्याला दार आठवतें.

पुढें जें घडलें तें कोणत्याहि कादंबरीकारास सुचलें नसतें. ब्रिटनमधले पब एकामागून एक बंद पडत गेले. १९८० च्या सुमारास ते सत्तर हजारांच्या आसपास होते. आज पन्नास हजारांच्याहि खालीं आले आहेत. १ जुलै २००७ पासून इंग्लंडांतील पबांत धूम्रपानास बंदी आली, तेव्हां ऑर्वेलच्या छताचा तो पिवळा रंगहि आतां नव्यानें चढावयाचा नाहीं. एका मोठ्या पब-कंपनीनें आपल्या अनेक शाखांना 'द मून अंडर वॉटर' असेंच नांव देऊन टाकलें. कल्पनेंतला पब असा अनेकवचनी झाला! आणि ह्याच पडझडींत स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच ह्या भागांतले कित्येक पब पंजाबी कुटुंबांनीं चालवावयास घेतले. लोक त्यांस 'देसी पब' म्हणतात. बिअर पिंटानेंच मिळते. जोडीला तंदुरांतून निघालेल्या मांसाची चरचरती लोखंडी थाळी. गोरे शेजारी, पंजाबी म्हातारे, बायका-मुलें सर्व एकत्र जेवतात.

ऑर्वेल आपल्या निबंधाच्या अखेरीस वाचकांना विनंति करतो कीं, शेकोटी, स्वस्त जेवण, बाग, मायाळू वाढणाऱ्या बायका आणि रेडिओचा अभाव हें सगळें असलेला पब कोणास ठाऊक असेल तर कळवावें; मग त्याचें नांव 'रेड लायन' असें अगदीं साधें असलें तरी चालेल. वेस्ट ब्रॉमविच येथें 'रेड लायन' ह्याच नांवाचा एक देसी पब आहे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असतो. ऑर्वेलचे दहा गुण कागदावर उतरवून मीं ते त्याला पाठविले आहेत, आणि एखाद्या रविवारीं बायकोमुलांस घेऊन तेथें जा व खुणा करून यादी परत पाठव, असें लिहिलें आहे. बागेसमोर खूण आहे कीं नाहीं तें पहिल्यांदा पाहीन. अद्याप उत्तर आलेलें नाहीं.